नफा-फलन

उत्पादनाची किंवा विक्रीची नगसंख्या आणि नफा यांचा संबंध दाखवणारे बैजिक सूत्र. एकूण प्राप्तीतून एकूण खर्च वजा केला की ते मिळते. भाडे, पगार यांसारखा स्थिर खर्च त्यात अचलपद म्हणून येतो.

समजा, क्ष नग खपवण्यासाठी नगाची किंमत १०० − क्ष/२ रुपये ठेवावी लागते. स्थिर खर्च १,४०० रु. व दर नगाचा खर्च २० रु. असेल, तर नफा = ८०क्ष − क्ष²/२ − १,४००. याचा आलेख खाली तोंड असलेला अन्वस्त असतो. २० आणि १४० नगांवर नफा शून्य, तर ८० नगांवर महत्तम, म्हणजे १,८०० रु. होतो. तेव्हा किंमत ६० रु. असते. ‘जितका खप जास्त तितका नफा जास्त’ हा बाजारातला समज इथे खोटा ठरतो. भाडे २०० रुपयांनी वाढले तर नफा तेवढाच घटतो, पण सर्वोत्तम नगसंख्या ८० च राहते. भाडे वाढले म्हणून किंमत वाढवणाऱ्याला हे सहसा पटत नाही.

फ्रेंच गणितज्ञ आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो (१८०१–७७) यांनी १८३८ च्या ग्रंथात खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचे उदाहरण घेऊन ही मांडणी केली. उत्पादनखर्च शून्य मानल्याने तिथे प्राप्ती हाच नफा होता. पुढे त्यांनी दुसरा मालक आणून दोघांच्या स्पर्धेचेही गणित केले. ग्रंथ मात्र कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिला.

सूत्राची खरी अडचण मागणीची रेषा, म्हणजे किंमत आणि खप यांचा संबंध, ठरवण्यात आहे. ती सरळ असतेच असे नाही आणि प्रतिस्पर्ध्याने किंमत बदलताच सरकते.