राधेला कुणी बोलू दिलं?

परवा मावशीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "अगं, कालच एक कादंबरी संपवली. मला काही त्यातलं कळत नाही बाई, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे वीस मिनिटं ती जे बोलली, ते ऐकून मी थक्क झाले. नायक कुठे खोटा वाटतो, मधली शंभर पानं का कंटाळवाणी झाली, शेवट लेखकाने घाईत कसा उरकला, सगळं अगदी नेमकं.

मावशी गेली चाळीस वर्षं वाचते आहे. तरी मत सांगण्याआधी तिला माफी मागावीशी वाटते. आमच्या घरातल्या बहुतेक बायकांचं हेच. उलट माझा भाऊ तीस पानं वाचून पुस्तक मिटतो आणि "टाकाऊ आहे" असं खुशाल जाहीर करतो.

ही माफी आली कुठून? आमच्या घरापुरतं सांगायचं तर तिच्यात थोडा वाटा माझाही आहे. तो कसा, ते शेवटी सांगते. आधी जरा मागे जाऊ या.

मराठी कादंबरीची सुरुवात साधारणपणे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून, म्हणजे १८५७ पासून धरतात. विषय होता हिंदू विधवांचे हाल. म्हणजे पहिलीच कादंबरी बायकांच्या दुःखावर, आणि ती वाचू शकतील अशा बायका मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. नंतर तर कादंबरीने ती वाटच सोडली. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूडांची 'मंजुघोषा'. अद्भुत प्रसंग, ताटातुटी, योगायोग, आणि शेवटी सगळं गोड. लोकांना या गोष्टी भारी आवडल्या.

रिसबूडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत एक फार प्रामाणिक कबुली दिली आहे. तिचा मथितार्थ असा, की आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीती आणि एकूण जगणंच असं आहे की त्यात मन वेधून घेणारे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. रोज अनुभवाला येणाऱ्या गोष्टी लिहिल्या तर त्यात चटकदार काय असणार? म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग जरा वेळाने हसू मावळलं. ज्या काळात आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं होत होती, न्हाण येण्याआधी त्यातल्या काही विधवा होत होत्या, त्या काळातल्या घरांकडे बघून एक सुशिक्षित माणूस म्हणतो की इथे लिहिण्यासारखं काही नाही! त्यांचं खोटं नव्हतं. त्यांना खरंच दिसत नव्हतं. दिसायला माजघरात जावं लागतं ना.

विद्वानांमध्ये कादंबरीची चर्चा तेव्हाही होती. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांचा 'नावल' आणि नाटक या विषयावरचा निबंध पुस्तकरूपाने आला. पण ज्यांच्याविषयी कादंबऱ्यांत एवढं लिहिलं जात होतं त्या बायकांना ती पुस्तकं कशी वाटली, हे त्यांना विचारणार कोण?

कुणी विचारलं नाही, म्हणून एकीने न विचारताच सांगितलं. वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरी शिकवलं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली). त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला दूषणं देणं सुरू झालं. ताराबाईंचा संयम सुटला आणि १८८२ साली त्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापून निघालं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक आपण स्त्रीमुक्तीचा पहिला हुंकार वगैरे म्हणून ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती एका चिडलेल्या वाचकाने दिलेली मतंही आहेत. ताराबाई 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक अशी पुस्तकं नाव घेऊन समोर ठेवतात आणि त्यातल्या बायकांचं चित्रण धारेवर धरतात. बायकांच्या माथी जे दोष मारता, ते आधी पुरुषांमध्ये आहेत की नाहीत ते बघा, हा सगळ्या पुस्तकाचाच सूर आहे. साहित्यशास्त्राचा आधार त्यांनी घेतला नाही. त्यांच्या हातात माप एकच होतं. मी ज्या बायका रोज बघते, त्या यात आहेत का?

बघा, म्हणजे 'मंजुघोषा'च्या लेखकाला जिथे लिहिण्यासारखं काहीच सापडलं नव्हतं, तिथेच बसून एक वाचक चौदा वर्षांनी त्या पुस्तकाचा हिशेब मागत होती.

ताराबाईंवर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा वर आलं. मत दिल्याची किंमत अशीही असते. कुणी दंड करत नाही, नुसतं ऐकून सोडून देतात.

पुढे आठच वर्षांनी, १८९० साली, हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. यमूची गोष्ट, यमूच्याच तोंडून. माहेर, सासर, नवऱ्यामुळे लागलेली वाचनाची गोडी, मग वैधव्य, केशवपन. राजपुत्र नाही की योगायोगाची खैरात नाही. रिसबूडांना जे रोजचं म्हणून नीरस वाटलं होतं, ते लोक आठवड्यामागून आठवडे वाचत होते. हरिभाऊंनी ताराबाईंचं पुस्तक वाचून हे लिहिलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण माजघराकडे डोळे वळायला सुरुवात झाली होती, एवढं नक्की.

हरिभाऊंचा काशीबाई कानिटकरांशी स्नेह होता आणि पत्रव्यवहारही होता. काशीबाईंचा जन्म १८६१ चा, म्हणजे त्या 'मुक्तामाला'च्याच वयाच्या. शाळेचं तोंड न बघता, लग्नानंतर नवऱ्याच्या इच्छेखातर त्या वाचायला शिकल्या, आणि तेही घरातल्यांची बोलणी खात. पुढे त्या स्वतः लेखिका झाल्या. १९०३ साली त्यांची 'रंगराव' ही कादंबरी आली. आपण आज सोफ्यावर पाय पसरून "ठीक आहे, एकदा वाचायला हरकत नाही" असं म्हणतो ना, ते म्हणता यावं म्हणून कुणीतरी आधी चोरून बाराखडी गिरवलेली असते.

असो. आता माझा वाटा.

मी बी. ए.ला मराठी घेतलं होतं. दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत साताऱ्याला आजीकडे गेले. आजी तेव्हा 'मृत्युंजय' वाचत होती. वाचनालयाचं कार्ड आजोबांच्या नावाचं, पुस्तक आणायचे आजोबा, वाचायची आजी, दुपारी सगळं आवरल्यावर. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. तिच्यात सहा जण आपापली कहाणी सांगतात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण.

शेवटचं पान मिटून आजी म्हणाली, "चांगलं लिहिलंय हो. पण कुंतीला बोलायला मिळालं, भावाला मिळालं, बायकोला मिळालं. राधेला कुठे मिळालं? वाढवलं तर तिनेच ना?"

मी हसले. म्हटलं, "आजी, कादंबरी अशी वाचायची नसते." आणि मग निवेदनतंत्र, दृष्टिकोन, आकृतिबंध असं कायकाय तिला सुनावलं. वर्गात नुकतंच शिकवलेलं होतं, कुठेतरी सांडायलाच हवं होतं. आजीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं." आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर आजी माझ्यासमोर कुठल्याही पुस्तकाबद्दल बोलली नाही. वाचत मात्र शेवटपर्यंत होती.

आमच्या घरातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. बापूकाका आजीच्या जावेचा मुलगा. जाऊबाई क्षयाने आजारी पडल्या तेव्हा ते आठ महिन्यांचे होते. आजीने त्यांना नऊ वर्षांचे होईपर्यंत सांभाळलं. जाऊबाई बऱ्या झाल्या आणि त्यांना मुंबईला घेऊन गेल्या. रीतच होती ती, कुणाचं काही चुकलं नाही. आजीने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. आयुष्यात एकदाच काढला, तोही एका कादंबरीच्या आडून, आणि मी तिला आकृतिबंध शिकवला.

हे माझ्या लक्षात आलं ते बापूकाका आजीच्या तेराव्याला आले तेव्हा. माजघराच्या उंबऱ्यात बराच वेळ नुसते उभे होते.

आजही 'मृत्युंजय' हातात घेतली की मला आधी राधाच आठवते. आजीचं ते एक वाक्य त्या कादंबरीवर मी वाचलेल्या सगळ्या समीक्षेहून मोठं वाटतं. ताराबाईंनी जे माप लावलं होतं, तेच आजीनेही लावलं, आणि तिने ताराबाईंचं नावही कधी ऐकलं नसेल.

तेव्हा मावशी, हे तू वाचशीलच. पुढच्या वेळी "मला काही कळत नाही" एवढं फक्त गाळ. त्या 'पण'च्या पुढचं सगळं मला ऐकायचं आहे. या खेपेला मी मध्ये बोलणार नाही.