रस्ता सगळ्यांचा, बिल कुणाचं?

मंडळी, दारापुढचा रस्ता नगरपालिकेने केला, तर पैसे कुणी द्यायचे? अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ओहायोतल्या नॉरवुड गावाने रस्त्यासाठी बेकरबाईंची जमीन घेतली, २,००० डॉलर भरपाई दिली, आणि तीच रक्कम, कोर्टखर्चासकट, त्यांच्याच उरलेल्या जमिनीवर आकारली! १८९८ साली न्यायालय म्हणालं, लाभापेक्षा बरीच जास्त वसुली म्हणजे मोबदला न देता मालमत्ता घेणंच. पण १९०१ मध्ये त्याच न्यायालयाने कॅन्सस सिटीतल्या डांबरीकरणाचा खर्च दर्शनी बाजूच्या फुटांप्रमाणे घरमालकांवर लावू दिला. प्रत्येकाचा लाभ वेगळा तपासायची गरज नाही म्हणे. आम्हाला हे पटत नाही. फूट मोजले म्हणजे लाभ मोजला, असं कसं? कोपऱ्यावरच्या घराला तर दोन दर्शनी बाजू असतात.