भारतातील भौतिकशास्त्र संघटना : वार्ता आणि संधी यांच्या प्रसाराचा ऐतिहासिक आढावा (१८७६ ते २०१९)

प्रस्तावना

राष्ट्रीय पातळीवरील शास्त्रसंघटनांच्या मुखपत्रांची अखेरची पाने साधारणतः एकाच प्रकारची असतात. आगामी परिसंवाद, पुरस्कारांसाठी नामांकने, अधिछात्रवृत्त्या, उन्हाळी शिबिरे, रिक्त पदे आणि संघटनेच्या निवडणुकीची सूचना असा मजकूर तेथे दाटीवाटीने छापलेला असतो. संशोधनलेखांच्या तुलनेत ही पाने दुय्यम मानली जातात. वस्तुतः एखाद्या देशात विज्ञानाची वाट कोणाला सापडली आणि कोणाला नाही, याचा शोध घ्यावयाचा झाल्यास या पानांचा आणि त्यांच्या पूर्वरूपांचा विचार करणे अगत्याचे ठरते. गुणवत्ता सर्वत्र असू शकते. परंतु संधीची वार्ता सर्वत्र पोहोचतेच असे नाही. वार्ता पोहोचूनही दार उघडेलच, याचीही खात्री नसते.

प्रस्तुत लेखात भारतातील भौतिकशास्त्राच्या संस्था व संघटना यांनी वार्ता आणि संधी यांचा प्रसार कोणत्या मार्गांनी केला, त्या मार्गांचा विस्तार कसा झाला आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या राहिल्या, याचा कालक्रमानुसार आढावा घेतला आहे.

१. एका फलकाचे ऐतिहासिक महत्त्व

डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी २९ जुलै १८७६ रोजी कोलकाता येथे ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली. भारतीयांनी भारतीयांच्या देणग्यांवर चालविलेली, शासकीय नियंत्रणापासून मुक्त अशी विज्ञानसंस्था असावी, हा त्यांचा आग्रह होता. संस्थेत जाहीर व्याख्याने होत, प्रयोग दाखविले जात. फादर युजीन लाफाँ यांच्यासारखे विज्ञानाचे अध्यापक या कार्यात त्यांच्यासमवेत होते. तथापि व्याख्याने ऐकणारे पुष्कळ असले तरी संशोधनाला वाहून घेणारे तरुण विरळाच होते. १९०४ साली सरकार यांचे निधन झाले, तेव्हा आपले कार्य सफल झाले असे समाधान त्यांना लाभलेले नव्हते.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९०७ मध्ये, अर्थखात्यात नेमणूक झालेले चंद्रशेखर वेंकट रामन कोलकात्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. ट्राममधून जात असताना बऊबाजार मार्गावरील २१० क्रमांकाच्या इमारतीवर त्यांना या संस्थेचा फलक दिसला. त्यांनी दार ठोठावले आणि आशुतोष डे यांनी ते उघडले. महेंद्रलालांचे पुत्र अमृतलाल सरकार यांनी त्यांना संस्थेतील उपकरणे वापरण्याची मुभा दिली. पुढे कोलकात्यात असताना सकाळी कार्यालयापूर्वी आणि सायंकाळी कार्यालयानंतर रामन यांनी तेथे संशोधन केले. १९१७ मध्ये त्यांनी शासकीय नोकरी सोडून कोलकाता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद स्वीकारले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आढळला, तो याच संस्थेच्या प्रयोगशाळेत.

हा प्रसंग सामान्यतः रामन यांच्या ध्येयनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो व ते योग्यच आहे. परंतु संधींच्या प्रसाराच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातून वेगळी बाबही समोर येते. एकतीस वर्षे कार्यरत असलेल्या संस्थेची माहिती मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या या तरुणाला रस्त्यावरील फलकावरून मिळाली. त्या काळी संधीची वार्ता पोहोचविण्याची देशव्यापी यंत्रणाच नव्हती. ज्यांच्या मार्गात तो फलक आला नाही, अशा तरुणांची नोंद इतिहासात असण्याचे कारण नाही.

२. नियतकालिकांचा उदय

वार्ता योगायोगावर अवलंबून राहू नये यासाठी मुद्रित माध्यमाची आवश्यकता होती. १९२६ साली रामन यांच्या पुढाकाराने ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ सुरू झाले. त्याचा उपयोग किती मोलाचा होता, हे दोनच वर्षांत सिद्ध झाले. १६ मार्च १९२८ रोजी बंगळूर येथे रामन यांनी आपल्या शोधासंबंधी व्याख्यान दिले आणि ते तातडीने या नियतकालिकात छापून त्याच्या प्रती देशोदेशीच्या शास्त्रज्ञांकडे रवाना करण्यात आल्या. मॉस्को येथे लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही फेब्रुवारी १९२८ मध्येच स्फटिकांच्या अभ्यासात हाच परिणाम आढळला होता. मात्र त्यांचा लेख काही महिन्यांनी प्रसिद्ध झाला. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. त्यामागे अनेक कारणे असली, तरी वार्ता वेळेवर पोहोचविण्याचे साधन स्वतःच्या हाती असणे हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होते.

चौथ्या दशकात या प्रयत्नांना संघटित रूप आले. १९३४ मध्ये कोलकाता येथे ‘इंडियन फिजिकल सोसायटी’ स्थापन झाली. १९३५ मध्ये मेघनाद साहा यांच्या पुढाकाराने ‘इंडियन सायन्स न्यूज असोसिएशन’ ही संस्था व ‘सायन्स अँड कल्चर’ हे तिचे मासिक सुरू झाले. संस्थेच्या नावातच ‘वार्ता’ या अर्थाचा शब्द असावा, ही बाब लक्षणीय आहे. ढाक्याजवळील खेड्यात, गरिबीत वाढलेल्या आणि जातिभेदाचा अनुभव घेतलेल्या साहा यांनी विज्ञान सुशिक्षित समाजापर्यंत नेणे हे स्वतंत्र कार्य मानले. तथापि ही नियतकालिके इंग्रजीत होती व त्यांचा वाचकवर्ग प्रामुख्याने विद्यापीठीय केंद्रांतील होता. फलकाच्या तुलनेत वार्तेचे क्षेत्र वाढले, परंतु ते नगरांच्या सीमेबाहेर फारसे गेले नाही.

३. वार्ता पोहोचली, पण दार उघडले नाही

याच काळातील एक घटना संधीच्या प्रश्नाची दुसरी बाजू स्पष्ट करते. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी. परीक्षेत प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत (पुढे कमला सोहोनी) यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी होत. त्यांचे वडील आणि चुलते हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. म्हणजेच संधीची वार्ता त्यांना घरातच मिळालेली होती. गुणवत्तेचा प्रश्नही नव्हता. असे असूनही केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन.

कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. त्यांनी आग्रह धरल्यानंतर एक वर्षाच्या अटीवर, नियमित विद्यार्थिनी न मानता, त्यांना काम करू देण्यात आले. त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. वर्षअखेरीस त्यांचे काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला आणि त्यानंतर संस्थेची दारे स्त्रियांसाठी उघडली. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. त्यांचे क्षेत्र जीवरसायनशास्त्राचे असले, तरी भारतीय भौतिकशास्त्राच्या इतिहासात या घटनेला स्थान आहे. अनोळखी तरुणासाठी उघडलेल्या एका दारातून ज्यांचे संशोधनकार्य सुरू झाले, त्यांनीच संस्थाप्रमुख या नात्याने दुसऱ्या एका अनोळखी, गुणवंत विद्यार्थिनीसाठी दार बंद केले होते. वार्ता आणि संधी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट होते.

४. मुंबई : इंडियन फिजिक्स असोसिएशन

स्वातंत्र्योत्तर काळात भौतिकशास्त्राचे एक प्रमुख केंद्र मुंबई येथे विकसित झाले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९५४ मध्ये तुर्भे येथील अणुऊर्जा संस्था (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) अस्तित्वात आल्या. देशात भौतिकशास्त्रज्ञांची संख्या वाढली, विषयाच्या शाखोपशाखा वाढल्या. या पार्श्वभूमीवर १९७० मध्ये ‘इंडियन फिजिक्स असोसिएशन’ ची स्थापना झाली. ‘फिजिक्स न्यूज’ हे तिचे मुखपत्र. १९७३ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने सुरू केलेल्या ‘प्रमाण’ या संशोधनपत्रिकेच्या प्रकाशनातही या संघटनेचा सहयोग राहिला. निरनिराळ्या शहरांतील शाखा, व्याख्यानमाला, पुरस्कार आणि परदेशी संघटनांशी व्याख्यात्यांची देवाणघेवाण हे तिच्या कार्याचे प्रमुख भाग होत.

या टप्प्यावर संधीची वार्ता प्रथमच सदस्यत्वाशी जोडली गेली. वर्गणी भरणारा प्रत्येक सदस्य, मग तो संशोधन संस्थेतील असो वा महाविद्यालयातील, एकाच मजकुराचा धनी झाला. हे समतेचे पाऊल होते, यात शंका नाही. मात्र मोठ्या संशोधन संस्थेतील सदस्याला तीच वार्ता उपाहारगृहातील गप्पांत, मुखपत्र हाती येण्यापूर्वीच समजत असे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयातील अध्यापकाला टपालावर विसंबावे लागे. छापील सूचना सर्वांना समान असली, तरी ती मिळाल्यानंतर अर्ज, शिफारसपत्र, रजा आणि प्रवासखर्च यांची जुळवाजुळव करण्यास लागणारा अवधी सर्वांना समान नव्हता.

५. कानपूर : अध्यापकांची संघटना

ही उणीव ज्यांना प्रकर्षाने जाणवली, त्यांत कानपूर येथील डॉ. डी. पी. खंडेलवाल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांनी १९८४ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स’ ची स्थापना केली. संशोधक नव्हे, तर सर्व स्तरांवरील अध्यापक हा या संघटनेचा केंद्रबिंदू होता. तिचे मासिक मुखपत्र अध्यापनातील अडचणी, सोपे प्रयोग आणि स्पर्धांच्या सूचना घेऊन सदस्यांपर्यंत जाऊ लागले. देशाची प्रादेशिक परिषदांमध्ये विभागणी करून स्थानिक पातळीवर कार्य उभे करण्यात आले.

या संघटनेचे सर्वांत महत्त्वाचे योगदान राष्ट्रीय प्रमाण परीक्षेच्या रूपाने दिसते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या परीक्षेची केंद्रे अध्यापकांच्या सहकार्याने ठिकठिकाणच्या शाळा-महाविद्यालयांत उघडण्यात आली. १९९८ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये भाग घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा निवडप्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून हीच परीक्षा उपयोगी पडली. पुढील टप्पे व प्रशिक्षण यांची जबाबदारी मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आली. २०१५ मध्ये या स्पर्धेचे यजमानपद मुंबईला लाभले, तर २०१८ मध्ये भारतीय चमूतील पाचही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदके मिळविली. पदवी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा, अभिनव प्रयोगांची स्पर्धा आणि प्रा. एच. सी. वर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उभे राहिलेले ‘अन्वेषिका’ केंद्रांचे जाळे हेही याच संघटनेचे कार्य होय.

परीक्षा ही संधी घेऊन वार्ताच विद्यार्थ्याच्या दारी जाते, हा या टप्प्याचा विशेष. परंतु तेथेही दुवा अध्यापकाचाच असतो. ज्या महाविद्यालयात एखादा अध्यापक केंद्र चालविण्याची जबाबदारी स्वीकारतो, तेथील विद्यार्थ्यांना परीक्षा ठाऊक होते. जेथे असा अध्यापक नाही, तेथे ती ठाऊक होत नाही. रिक्त पदे आणि घड्याळी तासिका तत्त्वावरील नेमणुका यांवर विभाग चालत असेल, तर हा दुवा प्रथम तुटतो. वर्षागणिक बदलणाऱ्या अध्यापकाकडून संघटनेचे सदस्यत्व व परीक्षाकेंद्राची जबाबदारी यांची अपेक्षा करणे कठीण आहे. भाषेचा प्रश्नही आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून मराठीतून विज्ञानवार्ता देण्याचे कार्य केले. परंतु राष्ट्रीय संघटनांच्या सूचना बहुतांशी इंग्रजीतच निघत आल्या आहेत.

६. दाराच्या आतील प्रश्न

कमला सोहोनी यांच्या अनुभवाने उपस्थित केलेल्या प्रश्नाची दखल संघटनांच्या पातळीवर घेतली जाण्यास दीर्घ काळ जावा लागला. २००४ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांच्या स्थितीविषयी अहवाल प्रसिद्ध केला. २००८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने ‘लीलावतीज डॉटर्स’ हा भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरील ग्रंथ प्रकाशित केला. त्याच्या संपादकद्वयापैकी प्रा. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) या पुण्याच्या हुजूरपागेत व सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकलेल्या. २०१७ मध्ये इंडियन फिजिक्स असोसिएशनने भौतिकशास्त्रातील लिंगभावविषयक कार्यगट स्थापन केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात झालेल्या परिषदेतून ‘हैदराबाद सनद’ पुढे आली. स्त्रियांच्या अल्पसंख्येचे कारण त्यांच्या क्षमतेत वा आवडीत नसून व्यवस्थेत आहे, ही तिची मूलभूत भूमिका होय. संधी जाहीर करणे एवढेच संघटनेचे कर्तव्य नाही, तर ती कोणापर्यंत पोहोचत नाही हे तपासणे हेही तिचे कर्तव्य आहे, याची ही औपचारिक कबुली मानता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भारतात भौतिकशास्त्रातील संधीची वार्ता प्रथम फलकावरून, नंतर नियतकालिकांतून, पुढे संघटनेच्या मुखपत्रांतून आणि अखेरीस परीक्षांच्या माध्यमातून प्रसृत झाली. प्रत्येक टप्प्यावर तिचे क्षेत्र विस्तारले. संगणकीय माध्यमांमुळे टपालाचा विलंबही आता उरलेला नाही. तथापि प्रत्येक टप्प्यावर वार्ता व विद्यार्थी यांच्यामध्ये एक माणूस उभा राहिलेला आढळतो. सूचनांची संख्या वाढल्याने या माणसाची गरज कमी झालेली नाही. उलट असंख्य सूचनांतून आपल्या विद्यार्थ्यास उपयुक्त ठरेल अशी सूचना निवडून देणे हे काम अधिक आवश्यक झाले आहे.

राष्ट्रीय संघटनांच्या कार्याचे मूल्यमापन करताना किती सूचना प्रसिद्ध झाल्या, यापेक्षा त्या वाचून कोणकोणत्या ठिकाणांहून अर्ज आले, हा निकष अधिक उपयुक्त ठरेल. महाविद्यालयांच्या पातळीवर प्रत्येक विभागाने अशा संधींची नोंदवही ठेवणे, सूचनेचा आशय मराठीतून सांगणे आणि अर्ज भरण्यास साहाय्य करणे, ही अल्पखर्चाची परंतु परिणामकारक उपाययोजना आहे. मात्र त्यासाठी विभागात कायमस्वरूपी अध्यापक असणे ही पूर्वअट होय. बऊबाजारातील तो फलक रामन यांना दिसला, ही घटना इतिहासात नोंदविली गेली. आशुतोष डे यांनी दार उघडले, याचीही नोंद तितक्याच आदराने घेतली जाणे उचित ठरेल.