प्राणवायू आणि अंध बालके

आम्ही वैद्य नव्हे, कामगार संघटनेतली माणसे. पण चांगल्या हेतूने केलेली सोय कोणाच्या मुळावर येते, हे पाहण्याची आम्हांला सवय आहे. म्हणून हा विषय घेतला.

१९४२ साली बॉस्टनचे नेत्रवैद्य टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरट पडदा पाहिला. पुढील बारा वर्षांत जगभर सुमारे १०,००० बालके अंध झाली. चमत्कार असा, की रोग गरिबांच्या दवाखान्यांत क्वचित, आणि काचेच्या महागड्या पेट्या असलेल्या इस्पितळांत फार! दोष जीवनसत्त्वांना दिला, लोहाला दिला, उजेडालाही दिला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कँबेल यांनी हिशेब मांडला: प्राणवायू सढळ हाताने दिला तेथे शेकडा १९ बालकांना रोग, बेताने दिला तेथे शेकडा ७.

वॉशिंग्टनला आर्नल पॅट्झ यांनी काही बालकांना प्राणवायू कमी देऊन पाहिला, तर रात्रपाळीच्या परिचारिका गुपचूप नळ वाढवून ठेवीत. आम्हांला त्यांचा राग येत नाही. निळे पडलेले पोर ज्यांच्या हातांत असते, त्यांना आकडे कोण सांगणार? अखेर १८ इस्पितळांनी मिळून केलेल्या पाहणीने १९५४ साली निकाल दिला: दोषी प्राणवायूच.

कारण लंडनच्या नॉर्मन ॲश्टन यांनी मांजराच्या पिलांवर दाखविले. डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात. दिवस भरत येईतो ते काम चालूच असते. जादा प्राणवायूने कोवळ्या वाहिन्या मिटतात. मग साध्या हवेत येताच उपाशी पडदा रक्तासाठी हाका मारतो, आणि नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या फुटून पडदाच ओढून काढतात. ही हाक म्हणजे एखादे द्रव्य असावे, असा तर्क मायकेलसन यांनी १९४८ सालीच केला होता. ते प्रथिन १९८९ मध्ये हाती आले. आज त्याला अडविणारी सुई डोळ्यात देतात.

मधल्या काळात मात्र सर्वत्र प्राणवायू आखडला गेला. १९७३ साली केनेथ क्रॉस यांनी अंदाज मांडला, की वाचलेल्या एकेका दृष्टीमागे सुमारे १६ बालके दगावली असावीत. या १६ जणांची आठवण आम्ही मुद्दाम काढतो, कारण त्यांची नोंद अंधांच्या यादीत कोठेच नाही.

आपल्याकडे नियम असा आहे: ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमहून हलक्या बालकाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावेत.