खो-खोचें मैदान आणि घरची चूल



खो-खो हा गरिबांचा खेळ, असें आपण अभिमानानें म्हणतों. दोन खांब रोंवावे, चुन्याच्या चार रेघा ओढाव्या, कीं मैदान सिद्ध झालें! चेंडू नको, जाळें नको. शाळेंत असतांना मींही पालकांना हेंच सांगत असें. परंतु हें बोलणें निम्मेंच खरें आहे, हें मला आपल्या सोलापूरच्या शेजारीं, धाराशिव येथें घडलेल्या एका खेळाडूच्या चरित्रानें शिकविलें.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं या खेळास नियमबद्ध रूप दिलें. नऊ जणांपैकीं आठ जण मधल्या पट्ट्यांत, एकाआड एक उलट दिशांस तोंडें करून बसतात. नववा पळणाऱ्याचा पाठलाग करतो. त्यास माघारीं फिरण्याची मुभा नसते. अशा खेळांत दम आणि पायांतील बळ हेंच भांडवल. आणि तें मैदानावर नव्हे, घरच्या चुलीवर तयार होतें.

सारिका काळे तेराव्या वर्षीं मैदानावर आल्या. वडिलांस शारीरिक अडचणीमुळें पुरेशी कमाई करतां येत नसे. आई शिवणकाम व घरकामें करी. कुटुंबाचा भार आजीआजोबांवर होता. त्या काळीं दिवसांतून एकदांच जेवण मिळे, असें त्यांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. त्याहून चटका लावणारी गोष्ट ही, कीं चांगलेंचुंगलें अन्न पानांत पडावयाचें तें शिबिरास अगर स्पर्धेस गेल्यावरच!

२०१६ सालच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत, गुवाहाटी येथें, त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिला संघानें सुवर्णपदक जिंकलें. आणि त्याच वर्षीं घरच्या ओढाताणीनें त्या इतक्या खचल्या, कीं खेळच सोडावयाचें त्यांनीं ठरविलें. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनीं समजूत घातली, तेव्हां त्या मैदानावर परतल्या. पुढें तुळजापुरास क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला; खो-खोच्या वांट्यास हा मान बावीस वर्षांनीं आला होता. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक झाला. त्यांत प्रियांका इंगळे यांच्या संघानें अंतिम सामन्यांत नेपाळचा ७८-४० असा पराभव केला.

हा इतिहास आनंदाचा खरा. पण एका खेळाडूचा खेळ वेळीं समजूत घातल्यानें वांचला, तशा किती जणींचा वांचत नसेल? अर्ध्यावर परतलेल्या मुलींचीं नांवें कोणत्याही ढालीवर कोरलीं जात नाहींत. माझ्या तीस वर्षांच्या नोकरींत चपळ मुली मीं पुष्कळ पाहिल्या. त्यांच्या पळण्याचीं मिनिटें मोजलीं. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला. तो आज मैदानावर उभ्या असलेल्या माझ्या शिक्षकबंधूंनीं व भगिनींनीं तरी अवश्य विचारावा : "बाळ, सकाळीं काय खाऊन आलीस?"