खताच्या ढिगातून उगवलेले मासिक

बागकामाच्या मासिकाचे जुने वर्गणीदार भेटले की एक तक्रार हमखास ऐकू येते. अंक जाड झाला, कागद गुळगुळीत झाला, फोटो देखणे झाले, पण वाचायला काही उरले नाही. पूर्वी ज्या पानावर टोमॅटोच्या पानांवरच्या ठिपक्यांचा उपाय असे, तिथे आता बागेत ठेवायच्या खुर्च्या दिसतात, खाली दुकानाचे नाव आणि किंमत. म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून ही तक्रार सोडून देता येईल. पण तिचा माग काढत गेले, तर दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा थेट इंदूरच्या मातीपर्यंत येतो.

लंडनमध्ये १८२६ साली जॉन क्लॉडियस लाउडन यांनी ‘द गार्डनर्स मॅगझिन’ सुरू केले. पहिल्या अंकाच्या चार हजार प्रती खपल्या. तोवर बागांविषयीची छापील पुस्तके प्रामुख्याने बागेच्या मालकांसाठी असत. लाउडन यांनी बागेत राबणाऱ्या माळ्याला वाचक मानले. माळ्यांचा पगार किती कमी आहे, त्यांची राहायची खोली किती कोंदट आहे, हेही त्यांनी छापले. माळ्यांनी पत्रे पाठवावीत, आपापले प्रयोग कळवावेत, आणि इतर माळ्यांनी ते पडताळून पाहावेत, अशी ती रीत होती. पुढे १८३१ मध्ये जोसेफ पॅक्स्टन यांचे स्वस्त मासिक आले आणि लाउडन यांचा खप घसरू लागला. १८४३ च्या डिसेंबरात ते वारले आणि त्यांचे मासिकही थांबले. किमतीची ओढाताण या धंद्यात पहिल्या पिढीपासूनच आहे.

१८४१ मध्ये ‘द गार्डनर्स क्रॉनिकल’ हे साप्ताहिक निघाले. पॅक्स्टन त्याच्या संस्थापकांपैकी एक, आणि बागकामाच्या विभागाचे संपादक होते वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला, काचघरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि साप्ताहिकाला काचघरांच्या जाहिरातींचा ओघ मिळाला. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयर्लंडमध्ये बटाट्याचा करपा पोचल्याची खबर आली, तेव्हा लिंडली यांनी चालू छपाई थांबवून ती बातमी अंकात घातली. पुढच्या भीषण दुष्काळाची ही पहिली चाहूल होती. चार्ल्स डार्विनही याच साप्ताहिकाला पत्रे लिहीत, इतर वाचकांना त्यांची निरीक्षणे विचारत. जाहिराती भरपूर होत्या, तरी वाचकाला साप्ताहिक आपलेच वाटे, कारण बातमी आली की जाहिरातीला सरकून बसावे लागे.

अमेरिकेत बियाण्यांच्या व्यापाऱ्यांनीच मासिके काढली. रॉचेस्टरचे जेम्स विक यांनी १८७८ पासून स्वतःचे सचित्र मासिक चालवले. ते व्यापाऱ्याचे मासिक आहे हे उघड होते, म्हणून फसवणुकीची भावना नव्हती. मोठा पालट १८९३ मध्ये झाला. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने आपल्या सर्वसाधारण मासिकाची किंमत दहा सेंटांवर आणली. खप भडकला, आणि तूट जाहिरातींनी भरून निघाली. अंक वाचकाला खर्चाहून स्वस्तात द्यायचा आणि वाचकांची गर्दी जाहिरातदाराला विकायची, हा हिशेब तेव्हापासून मासिकांच्या दुनियेत रुजला. १९२२ मध्ये आयोवातल्या मेरेडिथ यांनी ‘फ्रूट, गार्डन अँड होम’ काढले. दोनच वर्षांत त्याचे नाव ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’ झाले. फळे नावातून गेली आणि घर पुढे आले. घरात पडदे लागतात, फ्रिज लागतो, रंग लागतो. जाहिरातदारांना फळझाडांपेक्षा घर केव्हाही जवळचे.

बागकामाच्या मासिकाची खरी अडचण इथेच आहे. नवा वाचक सगळे विकत घेतो: कुंड्या, माती, खते, रोपे, झारी, हातमोजे. पाच-सात वर्षे हात मातीत घातलेला माणूस बी स्वतः धरतो, फांदीवरून रोप करतो, कलम शेजाऱ्याकडून आणतो, खत पाल्यापाचोळ्याचे करतो. मासिकाने शिकवलेले तो जितके नीट शिकेल, तितके त्याचे दुकानात जाणे कमी होते. म्हणजे सर्वांत निष्ठावान वाचक हा जाहिरातदाराच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी गिऱ्हाईक ठरतो. म्हणून जाहिरातींवर उभे असलेले मासिक पुन्हापुन्हा नवशिक्याकडे वळते, दर वसंतात पहिल्यापासून सुरुवात करते, आणि जुना वाचक त्याच दारात ताटकळत राहतो.

हे दुखणे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते अशा मासिकात, ज्याचा मुख्य धडाच मुळी विकत न घेण्याचा होता. त्याची कुळकथा इंदूरला सुरू होते.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा येथे आले. १९२४ मध्ये होळकरांच्या इंदूर संस्थानात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली, आणि १९३१ पर्यंत ते तिचे संचालक होते. संस्थेला मध्य भारतातल्या संस्थानांचा आणि कापूस समितीचा आधार होता. कापसाच्या पऱ्हाट्या, गवत, पाने, जनावरांचे शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओल सांभाळायची, ठरावीक काळाने ढीग उलथायचा, आणि सुमारे तीन महिन्यांत खत काढायचे: ही ‘इंदूर पद्धत’. गावात जे टाकून दिले जाई किंवा जाळले जाई, त्यातून ती जमिनीची भूक भागवत होती. १९३१ मध्ये या कामावरचे पुस्तक ऑक्सफर्डने छापले, आणि त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत लेखक म्हणून संस्थेतले सहकारी यशवंत वाड यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्ड यांचे नाव पदोपदी येते. वाड यांचे नाव त्याच्या शेजारी आठवायला हवे. पद्धतीतले बरेचसे शहाणपण इथल्या आणि चीनमधल्या शेतकऱ्यांचे होते, हे हॉवर्ड स्वतः मान्य करत.

१९४० मध्ये हॉवर्ड यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आले आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या इमेयस या छोट्या गावी जेरोम रोडेल यांच्या हाती पडले. रोडेल न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेले, पेशाने हिशेबनीस, आणि भावाबरोबर विजेच्या साहित्याचा कारखाना चालवणारे. पुस्तकाने त्यांना झपाटले. त्यांनी शेत विकत घेतले आणि मे १९४२ मध्ये ‘ऑर्गॅनिक फार्मिंग अँड गार्डनिंग’चा पहिला अंक काढला. सहसंपादक म्हणून त्यावर हॉवर्ड यांचे नाव होते. रोडेल यांनी शेतकऱ्यांना अंकाच्या फुकट प्रती पाठवल्या. प्रतिसाद नाममात्र आला. परसबाग करणारी माणसे मात्र वर्गणी भरू लागली. थोड्याच अंकांत ‘फार्मिंग’ नावातून गेले. युद्ध चालू होते, नत्र दारूगोळ्याकडे वळले होते आणि घरोघरी भाजीचे वाफे लावले जात होते. पुढच्या वर्षापर्यंत अमेरिकेत अशा बागांची संख्या सुमारे दोन कोटींवर गेली. विकतचे खत नसताना भाजी कशी पिकवायची, हा लाखो घरांचा प्रश्न होता, आणि इंदूरहून निघालेले उत्तर रोडेल यांच्याकडे तयार होते.

या मासिकाचा जीव वाचकांच्या पत्रांत होता. कोणी लाकडाचा भुसा वापरून पाही, कोणी समुद्रातले शेवाळ, कोणी कॉफीचा चोथा, आणि काय जमले, काय फसले ते कळवी. कनेक्टिकटच्या रूथ स्टाउट यांनी जमीन नांगरणेच सोडले आणि वर्षभर जाड थराने जुने गवत अंथरून भाज्या काढल्या. त्यांचे पुस्तक १९५५ मध्ये आले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्या या मासिकात लिहीत आणि वाचक त्यांच्याशी वाद घालत. विद्यापीठांतले तज्ज्ञ रोडेल यांना थिल्लर समजत होते, त्या काळात सामान्य घरांमागच्या वाफ्यांत हजारो छोटे प्रयोग चालू होते आणि त्यांची नोंद या पानांवर होत होती. रोडेल यांचे सगळेच दावे टिकले असे नाही. आरोग्याविषयीचे काही तर फारच सैल होते. पण डीडीटी या कीटकनाशकाचा जयजयकार चालू असताना त्याविरुद्ध छापण्याची हिंमत या मासिकाने दाखवली होती. कीटकनाशकांच्या धोक्यांवरचे रेचल कार्सन यांचे पुस्तक ‘सायलेंट स्प्रिंग’ त्यानंतर, १९६२ मध्ये आले आणि अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये.

जाहिराती इथेही होत्या. जिवंत गांडुळे, रॉक फॉस्फेट, बियाणे, आणि सत्तरच्या दशकात माती भुसभुशीत करणारी यंत्रे. वाचक त्या आवडीने वाचत, कारण रासायनिक खत विकणाऱ्याला तिथे जागा नव्हती आणि उरलेली बहुतेक दुकाने या छोट्या चळवळीचीच होती. जेरोम रोडेल १९७१ मध्ये एका दूरदर्शन कार्यक्रमाच्या ध्वनिचित्रमुद्रणाच्या वेळी वारले. मुलगा रॉबर्ट यांनी मासिक मोठे केले. पुढच्या दशकात खप दहा लाखांवर गेला. त्यांनी कुट्झटाउनजवळ संशोधनासाठी शेत घेतले. तिथे १९८१ पासून सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतींची शेजारी-शेजारी तुलना सुरू झाली, आणि ती आजही चालू आहे. सप्टेंबर १९९० मध्ये रॉबर्ट मॉस्कोतल्या मोटार अपघातात गेले. शेतकऱ्यांसाठी रशियन भाषेतले मासिक काढण्याच्या कामासाठी ते तिकडे गेले होते.

दहा लाखांचा खप ही यशाची खूण खरी, पण एवढा मोठा डोलारा टिकवायला मोठे जाहिरातदार लागतात. गांडुळे विकणारा छोटा उद्योजक तो खर्च पेलू शकत नाही, आणि कंपोस्टच्या ढिगाची जाहिरात तर कोणीच देत नाही. छपाई आणि टपालखर्च वाढत गेला तसतशी पाने बदलत गेली. २००१ च्या सुमारास मासिकाचे नाव ‘ओजी’ या दोन अक्षरांवर आणले गेले. पुढे जुने नाव परत घ्यावे लागले. २०१५ मध्ये ‘ऑर्गॅनिक गार्डनिंग’ हे नावच गेले आणि ‘रोडेल्स ऑर्गॅनिक लाइफ’ आले, ज्यात स्वयंपाक, घर, सौंदर्य, प्रवास यांच्यासोबत बागही होती. सेंद्रिय ही तोवर मोठी बाजारपेठ झाली होती. तिला साबण, चादरी, तयार खाद्यपदार्थ विकायचे होते. ७३ वर्षे वाचकाला पिकवायला सांगणारे मासिक आता त्याला निवडायला सांगत होते. तेवढ्यानेही ते वाचले नाही. २०१७ मध्ये छापील अंक बंद झाला आणि २०१८ च्या सुरुवातीला रोडेल कंपनी हर्स्ट या बड्या प्रकाशनसमूहाकडे गेली. त्याच घराण्याचे आरोग्यविषयक ‘प्रिव्हेन्शन’ मात्र नव्या मालकाकडे चालू राहिले.

या घसरणीत कोणी एक खलनायक शोधणे अन्यायाचे होईल. संपादकांना पगार द्यायचे होते, कागदाचे बिल भागवायचे होते, आणि वाचकही खरा खर्च वर्गणीत द्यायला तयार नव्हते. १८९३ च्या हिशेबाची सवय वाचकांनाही लागली होती. स्वस्त अंक हवा, जाहिरात नको आणि मजकूर सखोल हवा, या तीन मागण्या एकत्र पुऱ्या होत नाहीत. तरीही जुन्या वाचकाचे दुःख खरे आहे, आणि त्याचे नेमके कारण जाहिरातींच्या संख्येत सापडत नाही. लाउडन यांच्या काळापासून या मासिकांत वाचक हा अर्धा लेखक होता. त्याच्या वाफ्यात फसलेली कोबी दुसऱ्याच्या उपयोगी पडत होती. पत्रांचा कोपरा आक्रसला आणि खरेदीची पाने वाढली, तेव्हा त्याचे ते स्थान गेले. आपण ज्या कामात सहभागी होतो, तिथे आता आपल्याला फक्त गिऱ्हाईक म्हणून बोलावले जाते, हे कोणालाही लागणारच.

इंदूरची पद्धत कोणत्याही मासिकाच्या मालकीची नव्हती, म्हणून ती मासिकाबरोबर संपली नाही. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेप काका म्हणत, यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या हौदात कमी शेणात जास्त खत करण्याची रीत बसवली, आणि ती शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे देशभर गेली. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, त्यात द्राक्ष बागायतदारांपासून गच्चीवर भाजी करणाऱ्यांपर्यंत माणसे आपापले प्रयोग एकमेकांना सांगत. तिथेही सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात दुकान नव्हते.

मराठीत आज शेतीची, बागेची मासिके, पुरवण्या, दिवाळी अंक निघतात, आणि त्यांच्यापुढेही तोच हिशेब आहे. वाचक म्हणून त्यांच्याकडे दोन गोष्टी मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. पैसे घेऊन छापलेला मजकूर तसे स्पष्ट लिहून छापावा, आणि दर अंकात काही पाने वाचकांच्या प्रयोगांसाठी, त्यातल्या अपयशासकट, राखून ठेवावीत. त्या बदल्यात आपणही दोन गोष्टी देणे लागतो: अंकाची खरी किंमत मोजण्याची तयारी, आणि आपल्या वाफ्यातली नोंद लिहून पाठवण्याचे कष्ट. पत्र लिहिणारा वाचक थांबला की संपादकाच्या टेबलावर फक्त जाहिरातदाराचे पत्र उरते. आवडते मासिक बिघडले म्हणून हळहळणाऱ्याने शेवटचे पत्र आपण केव्हा पाठवले होते, हेही स्वतःला विचारावे, आणि या आठवड्यात पुढचे पाठवावे.