प्रार्थनामंदिरातील जागा

उपासनेचा इतिहास लिहिणारे बहुधा धर्मगुरू, भाषांतरे आणि इमारती यांच्याकडे वळतात. कोण कोठे बसले याची नोंद ते क्वचितच घेतात. तमिळ प्रोटेस्टंट मंडळीत मात्र शंभराहून अधिक वर्षे वाद चालला तो याच प्रश्नावर.

१७०६ साली तरंगंबाडीस आलेल्या त्सीगेनबाल्गने तमिळ नवा करार सिद्ध केला. १७१५ पर्यंत तो छापून पूर्ण झाला. त्यातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय थेट आसनांविषयीच आहे. सोन्याची अंगठी ल्यालेल्यास मानाची जागा आणि मळक्या वस्त्रांतल्यास पायांशी, असा भेद करणाऱ्या सभेची याकोब कानउघाडणी करतो. हे वचन हाती असताना मंडळीत वेल्लाळ एका बाजूस बसत, परैयर दुसऱ्या. प्रभुभोजनाचा प्याला एकच असे. तो आधी वेल्लाळांकडे जाई, इतकेच. पण त्या 'इतकेच'मध्ये सारे काही आले.

राजनायकनचे उदाहरण बोलके आहे. तंजावरच्या मराठा राजाच्या सैन्यातील हा परैयर शिपाई मुळात कॅथलिक. छापलेल्या तमिळ शुभवर्तमानाच्या वाचनाने तो तरंगंबाडीच्या मंडळीकडे ओढला गेला आणि उपदेशक झाला. १७३३ साली आरोन या वेल्लाळ उपदेशकास पाळकाची दीक्षा मिळाली. राजनायकनचे नावही पुढे विचारात आले होते. परंतु त्याच्या हातून वेल्लाळ प्रभुभोजन घेणार नाहीत, या भयाने ते मागे पडले. १७७१ साली मृत्यू येईपर्यंत तो उपदेशकच राहिला. चिकाटीवर प्रवचने पुष्कळ झाली असतील. हे आयुष्य मला त्यांहून वजनदार वाटते.

तंजावरात श्वार्ट्झने वेगळ्या बैठका चालू दिल्या. भेद हळूहळू विरेल अशी त्याची आशा होती. त्याचे दोन शिष्य प्रसिद्ध आहेत: सरफोजी राजे, ज्यांना मराठी वाचक सरस्वती महालामुळे ओळखतो, आणि तमिळ कवी वेदनायकम शास्त्री. १८२०च्या दशकाअखेर नव्या मिशनऱ्यांनी बैठका एकत्र करण्याचा आग्रह धरला, तेव्हा याच शास्त्रींनी निषेधाची लेखणी उचलली. त्यांच्या तक्रारी मात्र एकजिनसी नव्हत्या. जुने तमिळ बायबल बदलले, लग्न-अंत्यविधींतली फुले बंद केली, उपासनेतून तमिळ पदे हद्दपार केली, हे त्यांचे दुःख आजही पटते. त्याच यादीत परैयरांशेजारी बसण्याची सक्तीही होती. परकीय अधिकाराविरुद्धचा न्याय्य संताप आणि स्वतःच्या उच्चपणाचा मोह एकाच कागदावर कसे नांदतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

१८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून जातिभेद तत्काळ व कायमचा सोडण्यास सांगितले. मद्रासच्या वेपेरीत ते वाचून दाखवताच उच्चवर्णीय ख्रिस्ती उठून बाहेर पडले. तंजावरातही फूट पडली, आणि १८४० नंतर आलेल्या लाइप्त्सिग मिशनकडे, जिथे जातीबाबत सौम्य धोरण होते, कित्येक कुटुंबे गेली. बिशपांचा हुकूमशाही सूर कोणालाही खटकेल. आज्ञेमागचे वचन मात्र त्यांचे नव्हते, ते शतकभर आधीपासून तमिळमध्ये छापलेले होते.

शास्त्रींची पदे पुढे तमिळ मंदिरांत पुन्हा दुमदुमू लागली. ज्यांच्या शेजारी बसण्यास त्यांनी नकार दिला, त्यांचे वंशजही ती गातात.